वाचनालयाचे आठ संगणक : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

दसरा झाला, कार्यकारिणीचा होकार आला, आजपासून कामाला लागलो. अभ्यासिकेत सात आणि कार्यालयात एक असे आठ संगणक आहेत. सहा २०१४ सालचे : इंटेल आय-थ्री, चौथी पिढी, चार जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. दोन नंतर देणगीतून आले, ते सहाव्या पिढीचे. सगळ्यांवर विंडोज १०. तिला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडचा एकही त्यात बसत नाही. यंत्रं धडधाकट आहेत, त्यांना भंगारात घालायला माझं मन तयार नाही.

ठरलं ते असं : सहा संगणक विंडोज सोडून लिनक्स मिंट या मोफत प्रणालीवर न्यायचे. सात नंबरवर दोन्ही प्रणाली ठेवायच्या, कारण काही सराव परीक्षांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. आठ नंबर कार्यालयाचा, त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. तो आहे तसाच राहील, फक्त इंटरनेटची वायर काढून.

काम सुरू करण्याआधी दोनशे पानी वही आणली आणि पेन दोरीला बांधून दारापाशी टांगली. पहिल्या पानावर दोनच प्रश्न : या संगणकात काय आवडतं? कशाने जीव नकोसा होतो? उत्तरं आल्याशिवाय एकाही यंत्राला हात लावायचा नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चार दिवसांत अकरा पानं भरली. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, एमपीएससीवाले, दुपारी पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ, सगळ्यांनी लिहिलंय.

तक्रारींमधल्या चार पुन्हा पुन्हा आल्या आहेत. चालू व्हायला फार वेळ. फॉर्म भरता भरता मध्येच रिस्टार्ट (यात चूक आमची, कामाची वेळ कोणती ते सेटिंगमध्ये कधी कुणी लावलंच नव्हतं). आधीच्या माणसाचा फोटो, सही, आधार डेस्कटॉपवर तसंच पडलेलं. आणि 'ळ कुठाय?'

आवडीचा रकाना मला जास्त मोलाचा वाटतो. 'मराठी फोनेटिक कीबोर्ड' (इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी उमटतं तो) सात जणांनी लिहिलाय. विंडोज १० मध्ये तो २०१९ च्या मे अपडेटपासून आला आणि पोरांच्या बोटांत बसला. चार जणांना 'विंडोजचं बटण आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेलं सगळं दिसतं' ते हवंय. एका आजोबांनी लिहिलंय, 'अक्षर मोठे करता येते, ते काढू नका.' हे सगळं नव्या प्रणालीत मिळालंच पाहिजे. नाहीतर आम्ही लोकांच्या हातचं काढून घेतलं असं होईल.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाचनालय बंद असताना तीन नंबर घेतला. मिंट २२.२, एक्सएफसीई आवृत्ती. चार जीबी रॅममध्ये तीच हलकी पडते. उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर बांधलेली असल्याने २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

आधी फिरती डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत जुन्या डिस्कवर विंडोजला ३ मिनिटं ४० सेकंद लागत होते. मिंट टाकण्याआधी नव्या एसएसडीवर विंडोजच टाकून पाहिलं : ५२ सेकंद. मिंटला ३८. म्हणजे वेगाचं जवळपास सगळं श्रेय डिस्कचं आहे. उद्या कुणी म्हणालं की लिनक्समुळे यंत्रं पळायला लागली, तर हा आकडा दाखवायचा. फरक पडला तो रॅममध्ये. ब्राउझरमध्ये पाच-सहा पानं उघडली तरी मिंट अडखळत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज ती तारीख. तीन आणि चार नंबर तयार. ग्रंथपाल ताईंनी खालच्या कोपऱ्यातली ढाल पाहून विचारलं, 'व्हायरस आलाय का?' ती अपडेटची खूण. ढालीवर ठिपका दिसला की अपडेट आलेलं असतं, पण ते करायला पासवर्ड लागतो, आणि वाचकाला पासवर्ड देता येणार नाही. सुरक्षेची अपडेट आपोआप होतील असं लावलं. नव्या कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) रिस्टार्ट लागतं, पण ते कधी करायचं हे आपल्या हातात राहतं. संध्याकाळी मामा कुलूप लावताना सगळी यंत्रं बंद करतातच, तेवढं पुरेसं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत सहाही झाले. आता आधारकार्डाच्या तक्रारीवरचा उपाय. मिंटमध्ये लॉगिनच्या पडद्याच्या सेटिंगमध्ये 'पाहुणा' सत्र चालू करता येतं. पाहुणा म्हणून आत यायचं, काम करायचं, बाहेर पडलं की त्या सत्रातल्या फायली, ब्राउझरमधला इतिहास, सगळं पुसलं जातं. सार्वजनिक जागेसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. मराठी कीबोर्ड मात्र एकेका खात्यात न लावता पूर्ण यंत्रासाठी लावावा लागला, नाहीतर प्रत्येक पाहुण्याला तो नव्याने शोधावा लागला असता.

२९ ऑक्टोबर, बुधवार

ज्या सोयीचं रविवारी कौतुक केलं तिनेच आज एका मुलीला रडवलं. दोन तास बसून तिने नोकरीचा अर्ज टाइप केला, डेस्कटॉपवर सेव्ह केला, जेवायला जाताना लॉगआउट केलं. परत आली तर काहीच नाही. तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं. सेव्ह म्हणजे राहिलं, हे तिला आजवरच्या प्रत्येक संगणकाने शिकवलेलं. चूक माझी : पुसलं जातं हे मला माहीत होतं आणि मी भिंतीवर एक कागदसुद्धा लावला नव्हता. फाईल परत आणण्याचा मार्ग नव्हता. तिच्याशेजारी बसलो, ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. साडेसातपर्यंत अर्ज झाला.

रात्रीच पाहुण्याच्या सत्राचं पार्श्वचित्र बदललं. पिवळ्यावर काळ्या मोठ्या अक्षरांत : 'बाहेर पडलात की इथलं सगळं पुसलं जाईल. पेन ड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा.' प्रत्येक टेबलावर तोच मजकूर छापून चिकटवला.

१ नोव्हेंबर, शनिवार

सात नंबर, दोन्ही प्रणालींचा. इथे दोन अडचणी आल्या. दोन प्रणाली एका घरात ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्या भेटतात.

पहिली घड्याळाची. मिंटमध्ये सकाळचे दहा, विंडोजमध्ये गेलो की पहाटेचे साडेचार. साडेपाच तासांचा फरक पाहिला की भारतात राहणाऱ्याच्या लगेच ध्यानात यायला हवं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतो. दोघंही आपापल्या रीतीने बरोबर. लिनक्सला एका आज्ञेने सांगितलं की इथे स्थानिक वेळच ठेव, आणि मिटलं.

दुसरी : मिंटमधून विंडोजच्या भागातल्या फायली दिसतात, उघडतात, पण त्यात काही लिहिता येत नाही. कारण विंडोज 'बंद' केल्यावर खरोखर पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून आपली अर्धी स्थिती डिस्कवर ठेवून झोपतं. झोपलेल्या प्रणालीच्या डिस्कवर दुसऱ्याने लिहिलं तर मजकूर बिघडू शकतो, म्हणून लिनक्स हात आखडता घेतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं 'फास्ट स्टार्टअप' काढलं. विंडोज आता उठायला थोडा जास्त वेळ घेतो, एसएसडीमुळे ते जाणवत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक निवृत्त गुरुजी गेली सात वर्षं वाचनालयाची इतिवृत्तं टाइप करून ठेवतात. त्यांचा पेन ड्राइव्ह घेतला, फायली मिंटवर उतरवायला लागलो. शंभरावर उतरल्या, नऊ उतरेनात. संदेश : फाईलचं नाव फार लांब आहे.

गुरुजींची नावं म्हणजे पूर्ण वाक्य असतं. उदाहरणार्थ, 'वाचनालयाच्या सर्व सभासदांच्या दिनांक २२ सप्टेंबर २०१९ रोजी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त'. तारखेचे आकडे ते इंग्रजी घालतात. विंडोजवर आणि पेन ड्राइव्हवर हे नाव वर्षानुवर्षं सुखात होतं.

रात्री घरी मोजत बसलो. जागा आणि शेवटचं डॉकएक्स धरून नावात १०६ चिन्हं आहेत. मर्यादा दोन्हीकडे २५५ च आहे, पण मोजायचं माप वेगळं. फायली ठेवायच्या विंडोजच्या पद्धतीत, एनटीएफएसमध्ये, २५५ हे चिन्हांचं माप आहे; क असो की इंग्रजी के, एकच धरलं जातं. लिनक्सच्या पद्धतीत, ईएक्सटी४ मध्ये, २५५ हे बाइटचं (साठवणीच्या एककाचं) माप आहे, आणि अक्षरं साठवण्याच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. क तीन, त्याचा काना तीन, जोडाक्षरातला हलन्त तीन. गुरुजींचं नाव २७२ बाइट भरलं. म्हणजे निव्वळ मराठीत नाव द्यायचं तर ८५ चिन्हांत आटपायला हवं, इंग्रजीवाल्याला २५५ मिळतात. यामागे कुणाचा वाईट हेतू नाही, रचना तशी आहे. तरी मला वाईट वाटलं. आपल्या लिपीत लिहिणाऱ्याला तिपटीने कमी जागा.

९ नोव्हेंबर, रविवार

गुरुजींना कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, 'म्हणजे वेलांटीचेही पैसे पडतात तर.' तेवढ्यात त्यांनी स्वतःच पद्धत ठरवली : आधी साल-महिना-तारीख, मग 'वार्षिक सभा' किंवा 'मासिक सभा'. फायली आता आपोआप तारखेने लागतात. पूर्ण वाक्य फाईलच्या आत पहिल्या ओळीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रिंटर. जुना लेझर, सगळ्या अभ्यासिकेचा जीव त्याच्यात. बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत त्याच्यासाठी मिंटचा ड्रायव्हर नाही, पण मुक्त ड्रायव्हर आहे. तो टाकला, पान छापलं, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी छापेना. या जातीच्या प्रिंटरच्या पोटात त्याचं फर्मवेअर (त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टिकत नाही. दर वेळी वीज दिली की संगणकाने ते पुन्हा पाठवावं लागतं. प्रिंटर लागल्याबरोबर ते पाठवलं जाईल असं केलं. तीनदा बटण बंद-चालू करून पाहिलं, तिन्ही वेळा छापलं. मग सहा नंबरवरून तो सगळ्यांसाठी सामायिक केला. दीड दिवस यात गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लहानशी गोष्ट, पण मला सर्वांत आनंद हिने दिला. ताई सूचनाफलकासाठी पत्रक करत होत्या. म्हणाल्या, 'हा ल आपला नाही वाटत.' खरंच नव्हता. हिंदी वळणाचा दांड्याचा ल होता, शसुद्धा तसाच. मराठीचा ल पाकळीचा आणि शची गाठ वेगळी. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण वळणं ठरवून दिली आहेत.

मला वाटलं फॉन्टच बदलावा लागणार. पण लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आतच असतात. मजकुराची भाषा कोणती लावली आहे ते पाहून फॉन्ट अक्षर निवडतो. लिबरऑफिस या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी राहिली होती. सेटिंगमध्ये मराठी केली आणि डोळ्यांदेखत पत्रकातला प्रत्येक ल, प्रत्येक श वळला. ताईंनी दोनदा मागेपुढे करून पाहिलं. सहाही यंत्रांवर लगेच तसं लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद लांब होणार.

पुस्तकांची सूची एका तक्त्यात आहे, साडेअकरा हजार ओळी, दहा-बारा वर्षांत अनेक हातांनी भरलेली. एका वाचकाने 'दऱ्या' हा शब्द शोधला. तीन पुस्तकं आली. ताई म्हणाल्या, कपाटात निदान आठ असतील. त्यांची स्मरणशक्ती सूचीपेक्षा पक्की आहे.

कारण सापडलं ते असं. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत शिफ्टसह जे दाबून येणारा ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ॲ चं तेच : कुणी एकसंध ॲ टाइप केला, कुणी अ वर चंद्र दिला. एकसंध ॲ युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत) २००८ साली आला, त्यामुळे जुन्या सवयी तशाच राहिल्या. शिवाय काहींनी हिंदी कीबोर्डवरचा ऍ वापरला. 'ॲड.' म्हणून शोधलं तर वकिलांची निम्मी पुस्तकं बाहेर.

अभ्यासिकेतला एक मुलगा मदतीला होता. मी प्रिंटरकडे गेलो तेवढ्यात त्याने उत्साहाने 'र्य' शोधून सगळीकडे 'ऱ्य' केलं. सूर्य, कार्य, आर्य, पर्यावरण सगळं बिघडलं. फाईल सेव्ह करून बंदही झाली होती. मी शांतपणे टाइमशिफ्ट (यंत्राची आधीची स्थिती परत आणणारं साधन) उघडलं, कारण रोज एक छाप घ्यायला लावलेली होती. त्यात सूची नव्हती. टाइमशिफ्ट प्रणालीच्या फायलींची छाप घेतं. लोकांची कागदपत्रं असतात ती घरची फोल्डर मुळात त्यात धरलेलीच नसतात. हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. त्या क्षणी पोटात खड्डा पडला. ताईंच्या पेन ड्राइव्हवर शुक्रवारची प्रत निघाली. शनिवारी भरलेली चौदा पुस्तकं तेवढी पुन्हा भरावी लागली.

मग नीट केलं. आधी प्रत. नंतर फक्त अदृश्य चिन्ह असलेला प्रकार शोधून बदलला, मग अ-चंद्राचा, मग ऍ चा. प्रत्येक बदलानंतर किती ओळी बदलल्या ते लिहून ठेवलं : ४१२, २६७, ५८. 'दऱ्या' शोधलं, नऊ आली. ताईंचा अंदाज एकाने चुकला.

मुलाला काही बोललो नाही. इतका बारीक फरक अनुभवाशिवाय कळत नाही, आणि आता तो त्याला जन्मभर कळेल. सूचीची रोजची प्रत दुसऱ्या यंत्रावर आपोआप जाईल असं त्याच्याकडूनच करून घेतलं.

७ डिसेंबर, रविवार

फोनेटिकचा प्रश्न लांबत होता. मिंटमध्ये आयबस हे टायपिंगचं साधन बसवून त्यात एम१७एन या संचातल्या मराठी पद्धती घेतल्या. यादीत इनस्क्रिप्ट आहे, आयट्रान्स आहे, फोनेटिक आहे. पण पोरांना सवय झालेल्या फोनेटिकचे नियम वेगळे. शेवटचं अक्षर अधोरेखित राहतं आणि स्पेस दिल्यावर पक्कं होतं, त्यामुळे फॉर्ममध्ये स्पेस न देता पुढच्या चौकटीवर टिचकी मारली की कधी आडनावाचं शेवटचं अक्षर गळतं. अर्जात आडनाव चुकणं म्हणजे थट्टा नाही. यावर पुरतं समाधान होईल असा उपाय मला मिळालेला नाही. 'आधी स्पेस, मग पुढची चौकट' असं टेबलावर लिहून ठेवलंय, पण हा उपाय नव्हे, हे मला कळतं.

म्हणून दुसरा रस्ता धरला. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा इनस्क्रिप्ट शिकवायचं. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. के वर क, शिफ्टसह एन वर ळ. सरकारने १९८६ साली प्रमाण केलेली मांडणी, जवळपास प्रत्येक प्रणालीत तीच मिळते, मग उद्या यंत्र कोणतंही असो. नऊ जण आले. स्मार्टफोनवर बोलून टाइप करणाऱ्यांना हे जुनाट वाटेल अशी भीती होती, पण टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या दोघी म्हणाल्या की त्यांच्या क्लासातल्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीपेक्षा ही लवकर बसते.

कॉपी केलेलं दाखवणारं मात्र मिळालं. क्लिपमन नावाचं छोटं साधन आहे, त्याला तीच दोन बटणं नेमून दिली. पोरांना फरक कळलाच नाही, आणि मला तेच हवं होतं. फोटोचं वजन केबीत बसवण्यासाठी गिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर ठेवलं. त्यात जेपीजी म्हणून काढताना गुणवत्तेची पट्टी सरकवली की फाईल किती मोठी होईल ते तिथेच दिसतं. आधी पोरं अंदाजाने पाच-पाच वेळा करत बसायची.

१४ डिसेंबर, रविवार

वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. चालू व्हायला वेळ : नोव्हेंबरनंतर एकही तक्रार नाही. मध्येच रिस्टार्ट : नाही. कुणाचं आधार डेस्कटॉपवर : नाही. फोनेटिक : अजून आहे, पाच जणांनी लिहिलंय, एकाने लाल पेनने. ते बरोबर आहेत.

मोठ्या अक्षरांबद्दल लिहिणारे आजोबा आज आले होते. पाहुण्याच्या सत्रात अक्षर मोठं करून ठेवलं तरी पुढच्या वेळी पुन्हा लहान होतं, असं त्यांनी दाखवलं. खरं आहे, पुसण्यात तेही पुसलं जातं. एक नंबरच्या यंत्रावर पाहुण्यासाठी मुळातच दीडपट अक्षर लावलं आणि त्या टेबलावर 'मोठी अक्षरं' अशी पाटी ठेवली. ते बसले, पेपर उघडला, चष्मा कपाळावर सरकवला.

पुढच्या रविवारी आयबसच्या गळणाऱ्या अक्षराकडे पुन्हा बसायचं. तो मुलगा येतो म्हणालाय.